सही, अंगठा आणि संमती

(ऊसतोड महिलांबरोबर काम करणाऱ्या गटांच्या बीड जिल्ह्यातील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आंतरराष्ट्रीय न्यायालयांवर बोलायचं ठरलंय असं मी सांगितलं तेव्हा आपल्यातलीच एक कार्यकर्ती हसली. म्हणाली, "ताई, तालुक्याच्या कोर्टात आमची पोटगीची केस वर्षानुवर्षं हलत नाही, आणि तुम्ही निघाल्या हेगला!" तिचं हसणं योग्यच आहे. म्हणून मी हेगपासून सुरुवात करत नाही. आपल्या गावातल्या एका बाईपासून करते.

तिचं वय बत्तीस. नाव सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी एका खासगी दवाखान्यात तिची पिशवी काढली. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोट दुखत होतं. सोनोग्राफी झाली आणि "ठेवलीस तर कॅन्सर होईल" असं सांगण्यात आलं. खर्चाचे पैसे मुकादमाकडून उचल घेऊन भरले. "कागदावर काय लिहिलं होतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला कुठं वाचता येतंय? पोरगा म्हणाला इथं अंगठा दे, दिला. मालकांनी सही केली." महिना व्हायच्या आत ती पुन्हा फडात मोळ्या उचलत होती. आज तिच्याकडे पैसे भरल्याची एक पावती आहे, बाकी काही नाही.

अशा किती? राज्य सरकारनं २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या वेळच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. यातल्या काहींना शस्त्रक्रियेची खरोखर गरज असणार, ते नाकारायचं नाही. पण कुठल्याही दवाखान्यात विचारा, उत्तर एकच मिळतं: "बाईची संमती होती, सही आहे."

ही 'सही आहे' ऐकली की मला हंगेरीतला एक खटला आठवतो. रोमा समाजातली एक बाई. रोमा म्हणजे युरोपातले भटके. त्यांचे पूर्वज आपल्याच उत्तर भारतातून गेलेले आणि तिथं आजही तुच्छ लेखले जाणारे. जानेवारी २००१ मध्ये प्रसूतीच्या कळा आणि रक्तस्राव होत असताना तिला रुग्णवाहिकेतून आणलं. मूल पोटातच गेलं होतं. सिझेरियन करायच्या आधी तिच्यापुढे कागद धरला. त्यावर डॉक्टरनं हातानं, न लागणाऱ्या अक्षरात मजकूर लिहिला होता आणि नसबंदीसाठी लॅटिन शब्द वापरला होता. तिनं सही केली. रुग्णवाहिका दारात आल्यापासून दोन्ही शस्त्रक्रिया पूर्ण होईपर्यंत सतरा मिनिटं लागली. घरी जाताना तिनं डॉक्टरला विचारलं, पुन्हा मूल कधी होऊ देता येईल? तेव्हा तिला त्या शब्दाचा अर्थ कळला.

देशातल्या न्यायालयानं तिला भरपाई नाकारली. मग ती संयुक्त राष्ट्रांच्या सीडॉ समितीकडे गेली. सीडॉ म्हणजे स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याचा करार. ऑगस्ट २००६ मध्ये समितीनं सांगितलं की कागदावर सही आहे म्हणून माहितीपूर्ण संमती होती असं होत नाही, आणि तिला भरपाई द्या. समितीनं ती सतरा मिनिटंच हिशोबात धरली. एवढ्या वेळात कुणी तिला काही समजावलं असेल हे पटण्यासारखं नाही, असं तिचं म्हणणं.

पुढे २०११ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं स्लोव्हाकियातल्या दुसऱ्या एका रोमा बाईच्या बाजूनं निकाल दिला. तिथंही कळा चालू असताना घेतलेली सही होती, थरथरत्या हाताची. २०१६ मध्ये अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयानं बोलिव्हियाच्या खटल्यात हेच आणखी ठामपणे मांडलं. सिझेरियनच्या टेबलावर घेतलेला तोंडी होकार हा मुक्त होकार नव्हे, आणि शरीराचा निर्णय त्या बाईचाच, नवऱ्याचा किंवा डॉक्टरचा नाही.

आता फौजदारी बाजू. मथुरा खटला आपल्या चळवळीला नव्यानं सांगायला नको. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकार दिसत नव्हता. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहून विचारलं, की शरण जाणं म्हणजे संमती का? वीस वर्षांनी रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं, टांझानियातल्या अरुशा इथं, याच प्रश्नाचं उत्तर दिलं. २ सप्टेंबर १९९८ चा तो निकाल. आरोपी अकायेसू, एका गावगाड्याचा प्रमुख. आरोपपत्रात सुरुवातीला बलात्कार नव्हताच. एक साक्षीदार बाई स्वतःच्या मुलीबद्दल बोलली, तेव्हा तो विषय पुढे आला. न्यायपीठावर नवनेथम पिल्लै या एकट्या स्त्री न्यायाधीश होत्या. निकालात म्हटलं, जबरदस्तीसाठी अंगाला हात लावलाच पाहिजे असं नाही. धाक, भीती, असहाय परिस्थिती यांतही जबरदस्ती असते.

वंशसंहारातला बलात्कार आणि आपल्याकडची पिशवीची शस्त्रक्रिया यांची बरोबरी मी करत नाही. करूही नये, दोन्हींवर अन्याय होईल. पण परिस्थिती पाहण्याची ती नजर मला हवी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकीचा खाडा झाला तर दोघांचा दंड. फडात ना संडास, ना पाणी, आणि पाळी म्हणजे बुडालेली मजुरी. डोक्यावर उचल. अशा बाईला कुणी 'कॅन्सर' म्हटलं तर तिच्या अंगठ्याला संमती म्हणायचं का? तिला नाही म्हणायला जागा कुठं होती?

हे निकाल आपल्याला लागू आहेत का? थेट नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारात सक्तीच्या नसबंदीचं नाव गुन्ह्यांच्या यादीत आहे, पण १९९८ मध्ये मतदानाच्या वेळी भारत तटस्थ राहिला आणि करारावर त्यानं सही केलेली नाही. सीडॉ भारतानं १९९३ मध्ये स्वीकारला, पण समितीकडे वैयक्तिक तक्रार करू देणारा जोडकरार स्वीकारलेला नाही. ते दार आपल्याला बंद.

पण मागच्या दारानं हे कायदे आत येतात. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयानं सीडॉचाच आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घातले. आणि २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती पिशवी काढायला चालत नाही, आणि सज्ञान बाई बेशुद्ध असताना आईची परवानगी घेऊन भागत नाही. भरपाई मात्र २५,००० रुपये! त्यावर मी काही बोलत नाही.

आता कामाचं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. पण दाखल रुग्णाची कागदपत्रं त्यांनी जपून ठेवायची ती तीनच वर्षं. त्यामुळे गेल्या तीन वर्षांत जिची पिशवी काढली, तिनं दसऱ्याआधी अर्ज केला पाहिजे. टोळ्या निघाल्या की सहा महिने कुणी सापडत नाही. केसपेपर, सोनोग्राफी, तपासणीला पाठवलेल्या गाठीचा अहवाल आणि संमतीपत्र, चारही मागा, आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्या. बीडमध्ये २०१९ नंतर खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगण्यात आलं आहे. तो कागद दाखवा, असंही म्हणा.

त्या बत्तीस वर्षांच्या बाईचा अर्ज आता उशिराचा ठरेल. तिच्या धाकट्या जावेला मात्र पुढच्या सोमवारची तारीख दिली आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत अजून घेतलेलं नाही. आज जेवणानंतर मी तिच्याकडे निघणार आहे. माझ्याबरोबर कोण कोण येतंय?