वंशावळ कारागिरांची : मुंबईचे वाडिया घराणे



ज्या थोर पुरुषाच्या स्मरणार्थ ही शाळा व्याख्यान योजते, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो.

आजचा विषय वंशावळीचा आहे. आपल्या बेळगाव भागाला तो नवा नाही. सुगी संपली की बैल घेऊन हेळवी दारी येतो, घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवितो आणि धान्य घेऊन पुढल्या गावी जातो. परंतु वंशावळ म्हणजे केवळ नावांची उतरंड काय? की हातातील विद्या एका पिढीने दुसरीस कशी दिली, याचाही शोध तीत यावा? यासाठी मी समुद्राकाठचे एक घराणे निवडले आहे. समुद्र आपल्यापासून दूर असला, तरी प्रश्न आपलाच आहे.

लवजी नसरवानजी हे सुरतेचे पारशी जहाजबांधणारे. ईस्ट इंडिया कंपनीने 1736 साली त्यांना मुंबईस आणले. 1750 साली मुंबईची पहिली कोरडी गोदी उभी राहिली, तीत त्यांचा मोठा वाटा होता. जहाज बांधणारा तो ‘वाडिया’. धंद्याचे नाव घराण्याचे आडनाव झाले.

या घराण्याची वंशावळ शोधताना पहिला पुरावा मिळतो तो नावांतच. पारशी रिवाजाप्रमाणे स्वतःच्या नावापुढे पित्याचे नाव येते. 1774 साली लवजी वारले, तेव्हा माणेकजी लवजी आणि बमनजी लवजी हे पुत्र कामावर होते. त्यांच्यानंतर नातू आले : फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी. पुढे जमशेटजींचे पुत्र नौरोजी जमशेटजी. नावे ओळीने मांडली की साखळीच्या कड्या आपोआप जुळत जातात. प्रमुख जहाजबांधणाऱ्याचे पद या घराण्याने सुमारे दीडशे वर्षे सांभाळले.

दुसरा पुरावा कागदाचा. कंपनीच्या दप्तरात नेमणुका, पगार, बक्षिसे नोंदली गेली. रत्तनजी अर्देशिर वाडिया यांनी असा मजकूर धुंडाळून 1955 साली मुंबईची गोदी आणि वाडिया घराणे यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

तिसरा पुरावा लाकडाचा, आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. जमशेटजींच्या हाताखाली 1810 साली ‘मिंडेन’ ही 74 तोफांची युद्धनौका पाण्यात उतरली. 1813 ची ‘कॉर्नवॉलिस’ही मुंबईचीच, 1842 साली चीन आणि इंग्लंड यांच्यातील नानकिंगचा तह तिच्यावर झाला. 1817 साली सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. मधल्या काळात तिचे नाव बदलले होते. 1992 साली मूळ नाव परत मिळाले. नाव पुसले गेले तरी सांधे कोणाच्या हातचे, हे लाकूड विसरले नाही.

विद्या मात्र जुन्यात अडकून राहिली नाही. याच घराण्यातील अर्देशिर कर्सेटजी वाफेच्या यंत्रांकडे वळले, 1839 साली इंग्लंडला गेले आणि 1841 साली रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. लोखंड आणि वाफ यांनी पुढे सागवानी जहाजांचा काळ संपविला. तरी काळाची चाहूल घेणारा पुरुष त्या घराण्यातच निपजला.

आता या उजळ वंशावळीतील अंधाराकडे पाहू. लवजी सुरतेहून आले ते एकटे नव्हते. सुतार त्यांच्यासोबत होते. सागवान कापणारे, खिळे घडविणारे लोहार, फळ्यांच्या फटी बुजविणारे, यांच्यावाचून एकही जहाज पाण्यात उतरले नसते. त्यांच्या पिढ्या कोणी लिहिल्या? आणि पितापुत्रांच्या या साखळीत माता आणि कन्या कुठे आहेत? पदाची नोंद झाली, कष्टाची राहिली. ज्याचे नाव दप्तरात चढते, त्याचाच वंश इतिहासात चालतो, असा हा अन्याय आहे.

तो दूर करण्याचे एक साधन याच शाळेत आहे. शाळेचे जनरल रजिस्टर! श्रीमंतांच्या आणि गरिबांच्या मुलांची नावे त्यात एकाच शाईने लिहिली जातात. आपल्या सीमाभागात जुने कागद कुठे मोडीत, कुठे कन्नडमध्ये आहेत. ते वाचणारी माणसे विरळ होत चालली आहेत. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, मोडी आणि कन्नड या दोन्ही लिपी आपल्या माना. घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा आणि चार पिढ्या लिहून काढा. पणजोबांचे नाव लिहाल, तसे पणजीचेही लिहा. तिचे माहेर लिहा. आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ जोडा : या व्यक्तीच्या हाताला काय येत होते? कोणी नांगर घडविला असेल, कोणी भिंत रचली असेल, कोणी बी-बियाणे राखले असेल.

अशी वही घरोघर झाली, तर सांबऱ्याच्या कष्टकऱ्यांचा वंश इतिहासात चालेल. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांना याहून योग्य आदरांजली मला सुचत नाही.