आधी थांबायला शिका

गुलमर्गच्या गोंडोलात बसायला तिकीट पुरतं. उतारावर तुम्हाला थांबता येतं की नाही, हे तिकीट विचारत नाही. पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला, तो कोंगदोरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा २००५ सालचा. तो अफरवट डोंगरावर, जवळपास ४,००० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. पाळण्यातून वर जावं, डोळे भरून बघावं आणि पाळण्यातूनच खाली यावं, याला माझी काहीच हरकत नाही. पण दोन दिवस स्कीइंग शिकलेला आपला माणूस पायात पट्ट्या अडकवून तिथून खाली निघतो, तेव्हा मला धास्ती वाटते.

पन्नाशी ओलांडल्यावर मी हा खेळ गुलमर्गच्या खालच्या मैदानावर शिकलो. शिकवणारा काश्मिरी तरुण माझ्या मुलाच्या वयाचा. मी त्याला उस्ताद म्हणायचो, तो मला जनाब. पहिले दोन तास त्यानं मला घसरू दिलंच नाही. चालायला लावलं, उतारावर आडवं उभं राहायला लावलं, पडायला लावलं, उठायला लावलं. त्याचं म्हणणं एवढंच, 'चलना बर्फ सिखा देगी, रुकना मैं सिखाऊँगा.'

थांबण्याची पहिली रीत सोपी आहे. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे नांगराच्या फाळासारखा आकार. गुडघे वाकवून टाचा बाहेर रेटल्या की स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मोडतो. वळण्याची गंमत वेगळी. डावीकडे वळायचं तर भार उजव्या पायावर. हे डोक्याला पटायला वेळ लागतो, पायाला त्याहून जास्त.

आम्हा कोकणातल्या लोकांची आणखी एक अडचण. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरताना पाय सटकला की अंग आपोआप मागे जातं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय ती. बर्फावर नेमकं उलटं करायचं असतं. अंग मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात, वळणं हातातून जातं आणि पट्ट्या तुम्हाला घेऊन पळतात. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. 'घुटना आगे, जनाब!' हे मी दिवसातून पन्नास वेळा ऐकलं असेल. पडणार असं वाटलंच, तर हात पुढे ठेवून बाजूला बसल्यासारखं पडा. घसरत असतानाच उठायची धडपड करू नका, गुडघ्याचे सांधे त्यातच दुखावतात. पूर्ण थांबा, स्की उताराला आडव्या करा, त्या अंगाच्या खालच्या बाजूला घ्या, मग उठा.

आता सामान. विकत काही घेऊ नका, सगळं भाड्यानं मिळतं. पण घासाघीस करायची तर स्कीवर करा, बुटांवर नको. बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. २७ सेंटिमीटरच्या पावलाला २७ नंबर. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरावीत, आणि टाच उचलता कामा नये. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. थंडी म्हणून दोन जोड चढवले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. स्की नवख्याला हनुवटीपर्यंत आली तरी पुष्कळ. काठी उलटी धरून, चकतीच्या खाली पकडून कोपर काटकोनात आलं तर उंची बरोबर.

बूट स्कीला जिथं अडकतो त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. पडताना पाय पिळला गेला तर ते उघडून पाय मोकळा करतं. ते किती घट्ट ठेवायचं, हे तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला येतं किती, यावर ठरतं. तेव्हा दुकानात वजन विचारलं तर खरं सांगा. लग्नाच्या स्थळाला सांगतो तसं नको. आणि बूट अडकवण्यापूर्वी तळव्याला चिकटलेलं बर्फ काठीनं खरवडून काढा. हेल्मेट घालाच.

सुती बनियन आणि जीन घरी ठेवा. सुतात घाम मुरतो आणि मग अंग गारठतं. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, वर पाणी आत न येऊ देणारं जाकीट. लोकरी हातमोजे तासाभरात ओले होतात, त्यांचा उपयोग नाही. कोवळं हिम ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परतवतं, म्हणून काळा चष्मा हवा आणि मलम हनुवटीच्या खालीही लावायला हवं.

आपल्याकडे बर्फ म्हणजे मासळीबाजारातली लादी आणि गोळेवाल्याचा भुगा. काश्मिरीत पडणाऱ्या हिमाला 'शीन' म्हणतात, गोठलेल्या लादीला 'यख'. हा फरक स्की करणाऱ्याच्या कामाचा आहे. सकाळी शीन वाटणारा उतार दुपारी उन्हानं वितळतो आणि संध्याकाळी यख होतो. शेवटची एक फेरी मारू, असं वाटलं की पट्ट्या काढाव्यात. पाय दमलेले असतात.

अफरवटचे वरचे उतार मैदानासारखे दाबून सपाट केलेले नसतात. पाळण्याच्या आसपासच्या भागावर गस्तीपथकाची नजर असते, त्यापलीकडे तुम्ही आणि डोंगर. फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमकडा कोसळून तिथं दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. हौशी माणसानं तिथं जायचं कारण नाही. पुढं कधी जाल तेव्हा वाटाड्या, शोधयंत्र, फावडं आणि लांब सळई, यातलं एकही वगळू नका. आणि गस्तीवाले नाही म्हणाले तर तिकिटाचे पैसे गेले असं समजा.

सहलीचं म्हणाल, तर सात दिवसांत अख्खं काश्मीर आणि त्यात एक दिवस गुलमर्ग, असं करून स्की येत नाही. फोटो येतो. गुलमर्गलाच पाच-सहा दिवस काढा. तिथं केंद्र सरकारची स्की शिकवणारी संस्था आहे, तिचे वर्ग घ्या किंवा नोंदणी असलेला शिक्षक लावा. मैदानच २,६५० मीटरवर आहे, म्हणून पहिला दिवस नुसता हिंडण्याचा. निघण्यापूर्वी दोन महिने ऊठबशा काढा, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसा. विम्याच्या कागदात साहसी खेळ वगळलेत का, ते वाचा.

फेब्रुवारी उत्तम, पण हिमाचा भरवसा उरलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं मैदान कोरडं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा हिमाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. उलट, हिम पडलं की श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि तंगमर्गहून वरच्या १३ किलोमीटरच्या रस्त्याला चाकांना साखळ्या लागतात. परतीला एक-दोन दिवस मोकळे ठेवा. हिम नसलं की शिकवणाऱ्या तरुणांचा हंगामच बुडतो, म्हणून ठरलेल्या मजुरीत शेवटच्या दिवशी काटछाट करू नका.

आणि रोज संध्याकाळी बुटांचं आतलं अस्तर काढून खोलीत वाळत घाला. बुखारीजवळ चालेल, बुखारीवर नाही.