‘मेट्रोपोलिस’ आणि तिचे प्रेक्षक

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी सिनेमावर बोलणार म्हटल्यावर समितीला आनंद झाला. सिनेमा जर्मन आहे, मूक आहे आणि शंभरीला टेकला आहे, असे सांगितल्यावर सेक्रेटरींचा चेहरा थोडा उतरला. “लोक बसतील ना?” असे त्यांनी विचारले. तुम्ही बसलेले दिसता, तेव्हा सुरुवात करतो.

सिनेमाचे नाव ‘मेट्रोपोलिस’, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग. बर्लिनमध्ये १० जानेवारी १९२७ रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. पुढचा काळ किती वाईट असू शकेल हे दाखवणारे शेकडो सिनेमे नंतर आले, पण त्यातल्या बहुतेकांचे मूळ इथे सापडते. ‘स्टार वॉर्स’मधला सोनेरी यंत्रमानव असो की ‘ब्लेड रनर’मधले अजस्र शहर, ती ‘मेट्रोपोलिस’चीच नातवंडे.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. एक प्रचंड शहर आहे. वर उंच इमारती, बागा, श्रीमंतांच्या मुलांसाठी क्रीडांगणे. जमिनीखाली यंत्रे आणि त्यांच्याही खाली कामगारांची वस्ती. शहराचा मालक फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर मारिया नावाच्या मुलीच्या शोधात खाली जातो. तिथे यंत्राचा स्फोट होतो, माणसे भाजतात आणि त्या यंत्राच्या जागी त्याला नरबळी मागणारा राक्षस दिसतो. मारिया कामगारांना धीर धरायला सांगत असते. तिच्यावरचा त्यांचा विश्वास मोडावा म्हणून फ्रेडरसन रोटवांग या संशोधकाकडून एका यंत्रमानवाला मारियाचा चेहरा देववतो. ही खोटी मारिया कामगारांना भडकवते. ते यंत्रे फोडतात, पाणी वस्तीत शिरते आणि त्यांचीच मुले बुडायची वेळ येते. मुले वाचतात. शेवटी फ्रेडर मालकाचा आणि फोरमनचा हात एकमेकांच्या हातात देतो. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदय हवे, हा सिनेमाचा संदेश.

इथे इंजिनियर मंडळी बरीच आहेत, म्हणून एक तांत्रिक गोष्ट सांगतो. संगणक नसताना माणसे त्या उत्तुंग इमारतींत कशी दिसली? ऑयगेन शुफ्टान या तंत्रज्ञाने कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत आरसा लावला आणि त्याचा काही भागावरचा मुलामा खरवडून काढला. त्या पारदर्शक भागातून पलीकडचे नट दिसत आणि उरलेल्या आरशात बाजूला ठेवलेल्या छोट्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब पडे. दोन्ही चित्रे एकाच फिल्मवर, एकाच वेळी. चित्रीकरण जवळजवळ दीड वर्ष चालले आणि खर्च पन्नास लाख मार्कांच्या वर गेला.

एवढे करून सिनेमा पडला. उफा ही निर्मिती संस्था आधीच अमेरिकन कर्जात होती, ती अधिकच खोलात गेली. मूळ सिनेमा सुमारे अडीच तासांचा. अमेरिकेत दाखवताना त्याची भरपूर काटछाट झाली आणि नंतर जर्मनीतही तो कापला गेला. त्या काटछाटीत हेल नावाच्या स्त्रीची कथा संपूर्ण गेली. कारण ऐकून हसू येईल. इंग्रजीत त्या नावाचा उच्चार नरकासारखा ऐकू येतो! आता ही हेल म्हणजे फ्रेडरसनची मृत पत्नी. रोटवांगचेही तिच्यावर प्रेम होते. तिला परत आणण्यासाठी त्याने यंत्रस्त्री घडवलेली असते. तोच धागा कापल्यावर रोटवांग नुसता वेडा शास्त्रज्ञ उरला. मग लोक म्हणू लागले, कथेला शेंडा ना बुडखा. म्हणजे अनेक दशके जगभरचे प्रेक्षक ज्या सिनेमाला नावे ठेवत होते, तो पूर्ण सिनेमा त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

पण सगळा दोष कात्रीचा नव्हे. कथा भाबडी आहे ही टीका बर्लिनमध्येही झाली. एच. जी. वेल्स यांनी तर १९२७ मध्येच न्यूयॉर्क टाइम्समध्ये सिनेमाची सालटी काढली. त्यांचा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. यंत्र आले की ढोरमेहनत कमी होते, वाढत नाही. आणि कामगार कंगाल असतील तर एवढ्या यंत्रांनी काढलेला माल विकत घेणार कोण? युक्तिवाद बिनतोड वाटतो.

२०१२ च्या हिवाळ्यात आपल्या टाउनशिपच्या क्लबात आम्ही काही जणांनी हा सिनेमा दाखवला होता. प्रेक्षक पन्नास-साठ असतील. सिनेमात एक प्रसंग आहे. घड्याळासारखी मोठी तबकडी, तिच्यावर दिवे लागतात आणि कामगार दहा तास तिचे काटे दिव्यांकडे ओढत राहतो. आमचे इंजिनियर हसले. “हे यंत्र नेमके बनवते काय?” खरेच आहे, सिनेमा ते कधी सांगतच नाही. तेव्हा भट्टीवर उमेदीची वर्षे घालवलेले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, “यंत्राकडे कशाला बघता? त्याच्या डोळ्यांकडे बघा. तो घड्याळ बघतोय. रात्रपाळीचा शेवटचा अर्धा तास असाच असतो.” त्यांनीच आणखी एक गोष्ट दाखवली. सुरुवातीला पाळी बदलते तेव्हा कामावर येणारी रांग आणि सुटलेली रांग समोरासमोरून जाते. सुटलेली रांग निम्म्या वेगाने चालते. मी सिनेमा दोनदा पाहिला होता, पण माझ्यासाठी ते नुसते सुंदर दृश्य होते. त्यांच्यासाठी ती ओळख होती.

एका वहिनींनी विचारले की या सिनेमात बाई एकतर देवी नाहीतर चेटकीण, साधी बाई कुठे आहे? या प्रश्नावर आम्हा पुरुषांकडे उत्तर नव्हते.

सिनेमा संपला, हातात हात आले, दिवे लागले. खुर्च्या लावायला आलेला ठेकेदाराचा एक मुलगा मागे उभा राहून शेवट बघत होता. त्याने विचारले, “फिर ड्यूटी कितने घंटे की हुई?”

मित्रहो, मी या सिनेमावर जे काही वाचले आहे त्यात याहून नेमका प्रश्न मला सापडलेला नाही. दहा तासांची पाळी आठ तासांची झाली का? वस्ती जमिनीच्या वर आली का? सिनेमा याबद्दल एक शब्द बोलत नाही. झिगफ्रीड क्राकाउअर या समीक्षकाने १९४७ साली आपल्या पुस्तकात हेच दाखवले की शेवटी मालकाची सत्ता कमी होत नाही, उलट पक्की होते. खुद्द लांग यांनाही उतारवयात हा शेवट पटत नव्हता.

हा शेवट आला कुठून? पटकथा होती लांग यांच्या पत्नीची, थेआ फॉन हार्बू यांची. आणि इथे गोष्ट आपल्या दाराशी येते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यांची आई जन्माने ज्यू होती ते लांग देश सोडून गेले. हार्बू तिथेच राहिल्या, चित्रपट करत राहिल्या, पुढे नाझी पक्षाच्या सदस्यही झाल्या. त्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला. त्यानंतर त्यांनी लग्न केले ते एका मराठी माणसाशी, बेळगावकडचे पत्रकार अयी तेंडुलकर यांच्याशी. सावळ्या हिंदी माणसाशी लग्न नाझी राजवटीला चालणारे नव्हते, म्हणून ते गुप्त ठेवावे लागले. महायुद्धाच्या तोंडावर तेंडुलकर भारतात परतले आणि इंग्रजांच्या तुरुंगात गेले. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी ही सारी हकीकत इंग्रजी पुस्तकात लिहिली आहे, ते २०१३ मध्ये निघाले. घरात वर्णभेद न मानणारी ही बाई बाहेर वर्णद्वेष्ट्या राजवटीसाठी काम करत होती. हृदय असणे पुरेसे नसते, हे ‘मेट्रोपोलिस’च्या लेखिकेच्या आयुष्याइतके स्पष्ट कुठे दिसणार?

सिनेमा वाचला कसा, तेही ऐकण्यासारखे आहे. १९२८ मध्ये पूर्ण लांबीची एक प्रत अर्जेंटिनात गेली होती. तिथल्या एका फिल्म क्लबच्या चालकाने पुढे सांगितले की प्रत इतकी झिजली होती की ती दाखवताना आपल्याला दोन तासांहून जास्त वेळ बोटाने धरून ठेवावी लागली. हे ऐकून फर्नांडो पेन्या या अभ्यासकाच्या लक्षात आले की दोन तासांहून जास्त म्हणजे ही प्रत इतरांपेक्षा लांब आहे! २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात तिच्यावरून केलेली १६ मिलिमीटरची निगेटिव्ह सापडली. ओरखड्यांनी भरलेली, पण सुमारे पंचवीस मिनिटांचा हरवलेला भाग तिच्यात होता. २०१० मध्ये बर्लिनला जवळजवळ पूर्ण ‘मेट्रोपोलिस’ पुन्हा दाखवला गेला. आम्ही क्लबात दाखवला तो हाच.

आज हा सिनेमा दाखवला तर तरुणांना घड्याळाच्या यंत्रापेक्षा खोट्या मारियाची भीती जास्त वाटेल. चेहरा ओळखीचा, बोलणे मात्र दुसऱ्याच कुणाचे. हल्ली मोबाईलवर असे बनावट व्हिडिओ येतात आणि आपण ते पुढे ढकलतोही. सिनेमातल्या कामगारांना खरे कळते ते तिला जाळताना, चेहऱ्याखालचा धातू दिसल्यावर. तोवर वस्तीत पाणी शिरलेले असते.

राहता राहिले वेल्ससाहेब. त्यांचे निम्मे खरे ठरले. आपल्या कारखान्यांत कितीतरी जड काम यंत्रांनी उचलले. पण जे उरले ते ठेक्यावर गेले आणि त्याचे तास आपल्या रजिस्टरात दिसेनासे झाले. वस्ती जमिनीखाली नाही, फाटकाबाहेर आहे एवढेच.

शेवटी एक सूचना, उत्सव समितीने मनावर घ्यावी. दरवर्षी विसर्जनाच्या आदल्या दिवशी आपण मंडप उभारणाऱ्यांना शाल-श्रीफळ देतो. फोटो निघतो, टाळ्या होतात. मनापासून देतो, यात शंका नाही. पण ‘मेट्रोपोलिस’चा शेवटही अगदी मनापासून केलेला आहे. या वर्षी शाल जरूर द्या, पण ठेकेदाराशी करार करताना कामाचे तास, जादा कामाचे पैसे आणि रात्री काम असेल तर जेवण, हे तीन मुद्दे लिहून घ्या. वर्गणीत थोडी भर पडेल. ती द्यायला पहिले नाव माझे लिहा.

गणपती बाप्पा मोरया!