तक्रार कोणाच्या हाती द्यावी?

बडोद्याच्या सर सयाजीराव रुग्णालयात अपरात्री आलेल्या रोग्याची पहिली विचारपूस बहुधा शिकाऊ डॉक्टरच करतो. १९४९ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हापासून विद्यालय व रुग्णालय एकमेकांच्या आधाराने चालत आले आहेत. सर्वत्र रीत हीच. विद्यार्थी रोग्यापाशी उभा राहून शिकतो, आणि त्याला शिकवितो तो पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांनी वडील असा सहकारी. वैद्यकाचे शिक्षण अन्य मार्गाने होणेही कठीणच. परंतु ज्याच्याकडून विद्या घ्यावयाची त्याच्याचकडून छळ होऊ लागला, तर विद्यार्थ्याने जावे कोठे?

जळगावच्या डॉ. पायल तडवीला महाराष्ट्र विसरलेला नाही. तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी मिरजेस एम.बी.बी.एस. झाली व २०१८ साली स्त्रीरोगशास्त्राच्या पुढील शिक्षणासाठी मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. २२ मे २०१९ रोजी वसतिगृहात तिने जीवनाचा अंत केला. जातीवरून हिणविल्याचा व छळाचा आरोप तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर ठेवण्यात आला. आरोपाची शहानिशा हे न्यायालयाचे काम. तथापि, तिला बाळंतपणे करू दिली जात नसत, हाही आरोप होता, आणि त्याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. बाळंतपणे केल्यावाचून या शास्त्रात कोणी तयार होत नाही. असल्या अडवणुकीचे वळ अंगावर उठत नाहीत. म्हणून ती कोणास दाखविताही येत नाही. घरच्यांनी आधी वरिष्ठांच्या कानावर घातले होते, असे कुटुंबाचे म्हणणे आहे.

नियम नाहीत असे नव्हे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथे अमन काचरू हा विद्यार्थी मारहाणीनंतर मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियम केले. गुन्हा घडल्याचे दिसताच संस्थाप्रमुखाने चोवीस तासांत पोलिसांत फिर्याद द्यावी, असे त्यात आहे. २०२१ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आपले स्वतंत्र नियमही केले. तरीदेखील नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेतच, पाटणजवळच्या धारपूर येथे, पहिल्या वर्षाचा अठरा वर्षांचा मुलगा वरच्या वर्गातील मुलांनी तासन्‌तास उभा केल्यावर कोसळला व गेला. पंधरा विद्यार्थी निलंबित झाले. त्या रात्री तेथे उभा असलेला तो एकटाच नव्हता.

मग मुले बोलत का नाहीत? प्रबंधावर सही विभागातील मार्गदर्शकाची, रजा विभागाच्या हातची, आणि परीक्षेस बाहेरच्यांबरोबर घरचे परीक्षकही बसतात. त्यातून, वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालावी हे शाळेनेच बारा वर्षे पढविलेले असते!

तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते. तक्रार तारीख घालून लिहावी, तिच्यावर पोच घ्यावी, एक प्रत घरी पाठवावी. विभागात द्यावयाचे धैर्य नसेल तर १८००-१८०-५५२२ हा आयोगाचा विनामूल्य दूरध्वनी आहे. तेथे शेजारच्या खोलीतील मुलानेही कळविले तरी चालते.