एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत

ऑक्टोबर 2017. अमेरिकी संसदेच्या निधीविषयक उपसमितीपुढे फ्रँक स्टीफन्स साक्षीला बसले. स्वतःला डाउन सिंड्रोम असलेल्या स्टीफन्स यांनी संशोधनासाठी पैसे मागितले आणि आपलं आयुष्य जगण्याजोगं आहे, हेही ठणकावून सांगितलं. पुढच्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा डाउन सिंड्रोमवरच्या संशोधनाचा ‘इन्क्लूड’ प्रकल्प सुरू झाला.

1983च्या सुमारास अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्ती सरासरी 25 वर्षं जगत. आज त्या साठीपर्यंत पोचतात. पण एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती असल्यानं त्यावरच्या एपीपी जनुकाच्याही तीन प्रती असतात. त्यातून अमायलॉइड प्रथिन जास्त बनतं. चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत त्याचे थर साचतात. पुढे अनेकांना अल्झायमर गाठतो. लहानपणी हृदयाच्या शस्त्रक्रियेतून वाचवलेलं लेकरू पन्नाशीत रोजची वाट विसरू लागतं, तेव्हा त्याची आई ऐंशीच्या घरात असते.

आणि तरीही अल्झायमरवरच्या नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतून याच माणसांना वगळलं गेलं. मला हा अन्याय वाटतो. आता त्यांचं रक्त, मेंदूची छायाचित्रं, स्मरणशक्ती यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला जातोय. त्यालाच हा निधी लागतो.