लसीच्या दिवशी आईचीही विचारपूस
(स्वागताध्यक्षीय भाषण)

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले प्रसूतितज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका भगिनी, समुपदेशक, अंगणवाडी सेविका आणि माझ्या आशाताई,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे सोलापूर नगरीत मनःपूर्वक स्वागत करते.

शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या या गावाला सेवेची आणि त्यागाची मोठी परंपरा आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे इथले चार सुपुत्र १२ जानेवारी १९३१ रोजी स्वातंत्र्यासाठी फासावर गेले. डॉ. द्वारकानाथ कोटणीसही इथलेच. १० ऑक्टोबर १९१० हा त्यांचा जन्मदिवस. पुढे हीच तारीख जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळली जाऊ लागली, याचे आम्हा सोलापूरकरांना विशेष वाटते. १९३८ साली जखमींच्या सेवेसाठी ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. दुखणाइताने आपल्या दारी येण्याची वाट न पाहता आपणच त्याच्याकडे जायचे, हा धडा त्यांनी आम्हाला घालून दिला. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा विचार करताना हाच धडा मला सर्वांत कामाचा वाटतो, कारण हा आजार झालेली आई आपणहून ‘मला बरे वाटत नाही’ असे सांगायला सहसा येत नाही.

मात्र ती दवाखान्यात येतच नाही, असे नाही. बाळाला घेऊन ती येतच असते. दीड महिन्याची लस, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची, मग नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची. मधल्या काळात सर्दी, जुलाब, दूध न पिणे. बाळाच्या त्या पहिल्या वर्षात आम्हा बालरोगतज्ज्ञांची जितक्या वेळा तिच्याशी गाठ पडते, तितकी दुसऱ्या कोणत्याच डॉक्टरची पडत नाही. आणि आम्ही काय करतो? वजन बाळाचे, उंची बाळाची, डोक्याचा घेर बाळाचा. ज्या मांडीवर ते बसलेले असते त्या बाईला आम्ही विचारतो तेही बाळाविषयीच. लसीच्या दिवशी आईचीही विचारपूस झाली पाहिजे आणि त्या विचारपुशीच्या पाठोपाठ उपचार उभा असला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला आज आपल्यापुढे मांडायची आहे.

आशाताईंसाठी दोन शब्द खुलासा करते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड होणे, जीव घाबराघुबरा होणे हे निम्म्याहून अधिक बायकांना होते आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. त्याला धीर आणि विश्रांती पुरते. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिले, कशातच रस वाटेना, भूक मेली, ‘मी आई व्हायच्याच लायकीची नाही’ असे वाटू लागले, तर ते नैराश्य समजावे. ते पहिल्या वर्षात कधीही डोके वर काढू शकते. तिसरा प्रकार क्वचित दिसणारा, हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच आई असंबद्ध बोलू लागते, रात्र-रात्र जागी असते, भास होतात, बाळाविषयी विचित्र शंका घेते. घरचे याला बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठतात. यात आईच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका असतो. तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

बाळंतपणानंतरचे नैराश्य हे शहरी, सुखवस्तू बायकांचे दुखणे आहे असे अजूनही ऐकू येते. पण तसे नाही. आपल्या देशातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर नैराश्य असलेल्या मातांचे प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. त्याआधी, २००२ साली, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातला अभ्यास मांडला होता. गरोदरपणापासून त्यांनी २७० स्त्रियांचा मागोवा घेतला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना २३ टक्के मातांना नैराश्य आढळले. त्यांतल्या ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच मनाचा त्रास होता आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवरा-बायकोतला बेबनाव ही मोठी कारणे होती. मुलगी झाली की घरातल्या मारहाणीचा आणि उपासमारीचा घाव आणखी खोल जात होता. त्याच संशोधकांनी पुढे दाखवून दिले, की अशा मातांच्या बाळांचे वजन आणि उंची सहाव्या महिन्यात मागे पडलेली असते. म्हणजे वाढीच्या तक्त्यावर बाळाची रेघ आडवी झाली, की त्या रेघेचे एक टोक आईच्या मनात असू शकते.

असाच एक तक्ता माझ्यापुढे आला होता. साडेतीन महिन्यांचे बाळ, वजन महिनाभर जागचे हललेले नाही. सोबत आजी. मी काहीही विचारले की उत्तर आजी द्यायच्या. “दूधच येत नाही हिला. खात नाही, पीत नाही, नुसती बसून राहते.” आई बोटांकडे बघत बसलेली. विड्या वळून वळून तिची बोटे तंबाखूने पिवळी पडली होती. आमच्या मावशींनी आजींना आणि बाळाला वजनासाठी बाहेर नेले. दार लोटून घेतले आणि आमच्या सिस्टरने तिला तेलुगूत विचारले, “बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?” ती म्हणाली, “नाही. श्वास चालू आहे का, हे बघत बसते. मग उजाडतंच.” थोड्या वेळाने म्हणाली, “याला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं.” पुढचे प्रश्न आम्ही त्यानंतर विचारले. जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले. मनोविकारतज्ज्ञांना त्याच दुपारी दाखवले. औषध सुरू झाले, नवऱ्याला बोलावून समजावले, काही आठवडे विड्यांचे सूप बाजूला ठेवायचे ठरले. नवव्या महिन्याच्या लसीला ती आली, तेव्हा बाळाला नाचणीची खीर किती वेळा द्यायची, हे तिने स्वतः विचारले.

दमलेली आई बाळ झोपले की आडवी होते आणि झोपून जाते. नैराश्यातल्या आईला बाळ झोपल्यावरही झोप लागत नाही. हा एवढा फरक ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. कागदावरचे साधनही साधेच आहे. १९८७ साली कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी तयार केलेली एडिंबरा मापनश्रेणी आज जगभर वापरली जाते. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांविषयी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. हसू येते का, उद्याची ओढ वाटते का, विनाकारण स्वतःला दोष देता का, असे ते प्रश्न आहेत. बेरीज दहा किंवा अधिक झाली की नीट तपासायचे, तेरा किंवा अधिक झाली की अजिबात वेळ दवडायचा नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरीज कितीही असो, त्या आईशी तिथल्या तिथे बोलायचे. या बेरजेने निदान होत नाही. कोणाला तज्ज्ञाकडे पाठवायचे, एवढेच ती सांगते.

सोलापुरात हे काम करताना आम्हाला दोन अडचणी दिसल्या. आपल्याही जिल्ह्यात त्या असतील. पहिली भाषेची. आमच्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत संसार चालतात. अनेक बायकांना वाचता येत नाही, तेव्हा प्रश्न तोंडीच विचारावे लागतात. ते तिच्या घरच्या भाषेत विचारावे लागतात आणि तेही सासू, नणंद, नवरा जवळ नसताना. दुसरी अडचण माहेर-सासरची. पहिले बाळंतपण माहेरी. तेलमालिश, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर. सव्वा महिना तिला कोणी पाण्यात हात घालू देत नाही. ही रीत तिला मोठा आधार देते. पण बाळाला घेऊन ती सासरी परतते, तेव्हा हा सगळा आधार एका दिवसात सुटतो आणि पुष्कळदा मन खचते ते त्यानंतर. बेचाळिसाव्या दिवशी तिला भेटलेली आशाताई विजयपूरची असते, साडेतीन महिन्यांची लस टोचणारी सिस्टर सोलापूरची. एकीने विचारलेले दुसरीला कळत नाही. म्हणून माता-बाल कार्डावर बाळाच्या लसींशेजारी आईच्या विचारपुशीसाठीही जागा असावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. घरच्यांच्या नजरेला न कळेल अशी साधी खूण केली तरी चालेल.

आता उपचारांविषयी, कारण त्यांची तजवीज न करता प्रश्न विचारणे हा आईवर अन्याय आहे. हा आजार बरा होतो. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासावे, कारण त्यांपैकी एक जरी बिघडले तरी असेच निस्त्राण वाटते. पूर्वी कधी मन अवास्तव उल्हसित झाल्याचा काळ येऊन गेला का, हे विचारल्याशिवाय नैराश्याचे औषध सुरू करू नये. सौम्य आजाराला पद्धतशीर समुपदेशन पुरते. मध्यम आणि तीव्र आजारात औषधे लागतात. ‘गोळ्या घेतल्या तर अंगावर पाजता येणार नाही’ ही भीती आईला तर असतेच, काही डॉक्टरांनाही असते. सर्ट्रालिनसारखे औषध दुधात अगदी अल्प उतरते. त्यासाठी अंगावरचे दूध तोडण्याची सहसा गरज पडत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, हे पहिल्याच दिवशी सांगितले तर ती मध्येच सोडून देत नाही.

आणि समुपदेशन करायला प्रत्येक तालुक्यात मानसतज्ज्ञ कुठून आणायचे? याचे उत्तर आपल्या शेजाऱ्यांनी दिले आहे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. अतिफ रहमान यांनी गावोगावच्या आरोग्यसेविकांना शिकवून घरोघरी पाठवले. ९०३ मातांच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. बाळ सहा महिन्यांचे झाले, तेव्हा या भेटी मिळालेल्यांपैकी २३ टक्के मातांनाच नैराश्य उरले होते. इतरांत ते प्रमाण ५३ टक्के होते. पुढे गोव्यात हाच उपचार वस्तीतल्या सामान्य स्त्रियांनी दिला, तिथेही बऱ्या होणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. महाराष्ट्राला हे नवे वाटू नये. घरी जाऊन नवजात बाळ वाचवता येते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केले आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जातात. पाऊल घरात पडलेलेच आहे. त्याच भेटीत आईचेही ऐकून घ्यायचे आहे. मात्र त्यासाठी आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर लादून चालणार नाही. त्यांना प्रशिक्षण हवे, अडल्यावर फोन उचलणारे कोणी तरी हवे आणि या कामाचा मोबदलाही हवा.

ज्या मातांना दाखल करावे लागते, त्यांच्यासाठी २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने वाट दाखवली आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला आईपासून सहसा वेगळे करू नये, असे तो सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष २००९ पासून आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक महसूल विभागात असा एक तरी कक्ष व्हावा, हा ठराव या परिषदेने करावा, अशी मी विनंती करते. तोवर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक प्रत्येक लसीकरण केंद्राच्या भिंतीवर आमच्या चारही भाषांत लावण्याचे काम सोलापूरकरांनी अंगावर घेतले आहे.

आपली राहण्या-जेवणाची सोय स्वागत समितीने यथाशक्ती केली आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे यांचा आस्वाद घ्यावा. सभागृहाच्या मागच्या खोलीत पाळणाघर आहे. तान्ही बाळे घेऊन आलेल्या प्रतिनिधींनी संकोच करू नये, पाजण्यासाठी तिथे आडोसा आहे आणि व्यासपीठावरचे बोलणे तिथेही ऐकू येईल. या तयारीसाठी राबलेले परिचर्या महाविद्यालयांचे विद्यार्थी, बचत गटांच्या भगिनी आणि देणगीदार यांचे मी मनापासून आभार मानते. काही उणे राहिले असल्यास सांभाळून घ्यावे.

दोन दिवस आपण बोलणार आहोत. तिसऱ्या दिवशी आपापल्या गावी पोहोचाल. तिथे लसीला आलेल्या पहिल्या आईला तिच्या भाषेत, दार लोटून घेऊन, ती स्वतः कशी आहे हे विचारा. आणि विचारण्याआधी, तिचे उत्तर ऐकून तिला कोणाकडे पाठवायचे, ते नाव आणि तो फोन क्रमांक टेबलावर लिहून ठेवा. एवढे आपण सर्वांनी केले, तर सोलापूरच्या या परिषदेचे सार्थक झाले असे मी मानेन.