कानापाशी भोक, मानेवर गाठ

हेडफोन लावून ऐकत असाल तर जरा काढा, आणि कान जिथे गालाला चिकटतो तिथे वरच्या बाजूला बोट फिरवा. सुईच्या टोकाएवढं भोक लागतंय? काही जणांना लागेल. ते जन्मापासूनचं असतं. गर्भाच्या साधारण 6व्या आठवड्यात 6 छोटे उंचवटे जुळून बाहेरचा कान घडायला लागतो. ते नीट जुळले नाहीत की अशी खाच राहते. ग्रहणात आईने विळी हातात घेतली वगैरे काही नाही. कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून मी हे सांगते, आणि शक्यतो सासूबाई समोर असताना सांगते.

त्रास नसेल तर त्या भोकाला हात लावायचा नाही. पिळायचं तर मुळीच नाही. पण मूल तपासताना मी तिथेच थांबत नाही. मान वर करायला लावते. मानेच्या बाजूला, खालच्या भागात बारीक छिद्र असतं कधी, त्यातून लाळेसारखा थेंब येतो. आईबाप त्याला घाम समजतात. कानाजवळ भोक, मानेला छिद्र आणि ऐकू कमी, असं एकत्र दिसलं की मी किडनीची सोनोग्राफी सांगते. 'कानासाठी आलोय, पोटाची कशाला?' रास्त प्रश्न आहे. बीओआर सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार आहे, त्यात कान, मान, किडनी तिन्हींची घडण बिघडू शकते. म्हणून घरात आणखी कुणाला असं आहे का, हेही विचारते.

गाठ मानेच्या मधोमध असेल तर पोराला जीभ बाहेर काढायला लावते. (हे काम मुलं फार आनंदाने करतात.) जिभेबरोबर गाठ वर सरकली, तर ती बहुधा थायरॉइड गर्भात ज्या वाटेने खाली उतरते त्या वाटेवरची. ऑपरेशनआधी थायरॉइड जागेवर आहे ना, हे सोनोग्राफीत बघायलाच हवं. क्वचित त्या गाठीतच सगळी थायरॉइड असते. ती काढली की आयुष्यभर गोळ्या.

आणि ऐकणं. टाळी वाजवली, बाळ वळलं, म्हणजे झालं असं नाही. एकाच कानाने ऐकणारं बाळही वळतं. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे गणित धरा. बोलणं त्यावर अवलंबून आहे. बेरा टेस्टला बाळ झोपलेलं लागतं. तेव्हा येताना रिक्षात झोपू देऊ नका, दूध इथे येऊन पाजा.